परमुलखी नेणाऱ्याचा जामीन

गावच्या सोसायटीतून कर्ज काढायचे तर जामीनदार लागतो, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. कर्जदाराने पैसे थकवले की सोसायटीचा माणूस जामीनदाराच्या दारात उभा राहतो. म्हणून जामीनदार अंगठा उठवण्याआधी दहादा विचार करी. आता तुम्ही सही करता, तेव्हा वीसदा करा.

पण एक उलटा प्रश्न विचारतो. तुम्ही दुसऱ्याच्या हातात पैसे देता आणि तो म्हणतो, "तुम्हाला परमुलखी नेतो." वाटेत त्याने हात वर केले तर? त्याला जामीन कोण?

हा प्रश्न मुंबई बंदरात फार जुना आहे. हजला जाणारी जहाजे इथून जेद्दाला जात. कोकणातले, घाटावरचे, साऱ्या हिंदुस्थानातले यात्रेकरू त्यांत असत. कितीकांनी आयुष्यभर पैपैसा साठवलेला असे. तो जाण्यापुरता पुरे. येण्याचे पुढे बघू, असे ते म्हणत. मग जेद्दाच्या धक्क्यावर अडकून पडत. खिशात पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही, आणि मध्ये समुद्र!

म्हणून कायद्याने दोन्ही बाजू बांधल्या. १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यात त्या वाचायला मिळतात. यात्रेकरूने परतीचे तिकीट काढावे, नाहीतर परतीचा खर्च सरकारी अधिकाऱ्याकडे अनामत ठेवावा. त्याशिवाय जहाजावर पाऊल टाकायचे नाही. आणि जहाजवाल्याने? त्याने दोन जामीनदार आणून १०,००० रुपयांचा जामीनकतबा सरकारला लिहून द्यावा. कतबा म्हणजे बांधून घेणारा कागद. मी कायद्याप्रमाणे वागेन, आणि सरकारला माझ्यामुळे भुर्दंड पडला तर भरून देईन, असा त्याचा अर्थ. हा कागद हाती आल्याशिवाय जहाजाला बंदर सोडण्याची परवानगी नसे.

त्या कतब्यात एक खुबी होती. तिघांनी मिळून सही केली, म्हणजे प्रत्येकाने तिसरा हिस्सा द्यायचा, असे नव्हे. सरकारने तिघांपैकी कोणालाही धरावे आणि पूर्ण रक्कम वसूल करावी. जहाजवाला पळाला तर जामीनदार सापडे. कायदा लिहिणारा माणूस व्यवहारात मुरलेला असला पाहिजे!

१९९५ नंतर हजची ही समुद्रवाट बंद झाली. यात्रेकरू विमानाने जाऊ लागले. पण परमुलखी नेणारे दलाल काही संपले नाहीत.

समजा, चिपळूणकडचा एक गवंडी भायखळ्याला आपल्या गाववाल्यांच्या खोलीवर उतरला आहे. तिथे त्याला एक जण भेटतो. म्हणतो, "कतारला काम आहे. ८०,००० रुपये दे, महिन्याभरात विमानात बसवतो." गवंड्याच्या बायकोने डाग गहाण ठेवून पैसे पाठवले आहेत. त्याने काय करावे?

आधी परवाना विचारावा. परदेशी कामाला माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. तो मिळवण्यासाठी त्याला बँकेची हमी द्यावी लागते. मोठ्या एजंटाची हमी ५० लाखांची. शंभरापर्यंत माणसे पाठवणाऱ्या लहान एजंटाची ८ लाखांची. इथे जामीनदार माणूस नाही, बँक आहे. तिकडे मालकाने हाकलले किंवा ठरलेले काम दिले नाही, तर मजुराला घरी आणण्याचा खर्च या हमीतून काढता येतो. जुन्या कतब्याचाच हा नातू म्हणा ना.

मात्र ही हमी परवानेवाल्याच्याच पाठीशी आहे. खोलीवर येऊन गोड बोलणारा जो मधला माणूस, त्याच्या पाठीशी काहीच नाही.

मग हिशेब मांडावा. एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेता येतात. त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५,४००. एकूण ३५,४००. आपल्या गवंड्याकडे मागितले ८०,०००. वरचे ४४,६०० कशाचे? पाटीवर वजाबाकी करून पाहा. आणि पावती मागा. पावती न देणाऱ्याला पैसे देणे म्हणजे विहिरीत टाकणे. विहिरीतला पैसा निदान उन्हाळ्यात दिसतो तरी!

जो दहावी पास नाही (आम्ही त्याला मॅट्रिक म्हणत असू), त्याला सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान अशा देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. ती अडवणूक वाटते, पण तिच्यामुळेच करार तपासला जातो. तिच्याबरोबर विमाही काढावा लागतो. दोन वर्षांना २७५ रुपये भरायचे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख मिळतात. दलाल म्हणतो, "पाहुणा म्हणून जा, तिकडे कागद करू." पाहुण्याला ना करार, ना मंजुरी, ना हा विमा.

सहलीला नेणाऱ्या कंपन्यांचे तर आपल्याकडे याहून कठीण आहे. त्यांच्यावर अशा हमीची सक्तीच नाही. १७५८ पासूनचे नाव सांगणारी मुंबईची कॉक्स अँड किंग्ज २०१९ च्या ऑक्टोबरात दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि आगाऊ पैसे भरलेले प्रवासी हात चोळत बसले. त्याच्या महिनाभर आधी विलायतेतली टॉमस कुक बुडाली होती. पण तिथे विमानाच्या सहलीवर माणशी अडीच पौंड सरकारी योजनेत जमा होतात. परदेशी अडकलेली सुमारे दीड लाख माणसे घरी आणली गेली.

गवंड्याचे ठरले तर परवान्याचा नंबर, पावती, करार आणि पासपोर्ट यांच्या दोन-दोन नकला काढाव्यात. एक संच त्याने बरोबर न्यावा. दुसरा गावी बायकोच्या पेटीत ठेवावा. तक्रार करायची वेळ आली तर ती वांद्र्याच्या सरकारी उत्प्रवासी संरक्षकाकडे करायची, आणि तो हेच कागद मागतो.