नादापासून शब्दापर्यंत

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि सातारा जिल्हा ओलांडून सांगलीस येते. तिच्या काठच्या एखाद्या घरी स्वयंपाकघरात पितळी ताट हातातून निसटते. खणखणाटाने सारे दचकतात. पाळण्यात जागे असलेले बाळ मात्र मानही वळवीत नाही. आईच्या काळजात चर्र होते.

आजी धीर देते, "अगं सूनबाई, काही मुलं उशिरा बोलतात. याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला."

सून म्हणते, "आत्याबाई, उशिरा बोललं तर चालेल, पण ऐकूच येत नसेल, तर बोलणं येणार कुठून?"

येथून मातापित्यांच्या शोधास आरंभ होतो. तपासणीत बाळाला तीव्र बहिरेपणा असल्याचे कळते. आपल्या अंतर्कर्णात शंखासारखा वळसेदार भाग असतो. त्यातील सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेश बनवतात. या पेशी नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते; परंतु पेशीच उरल्या नसतील, तर मोठा आवाजही मेंदूपर्यंत पोचत नाही. अशा वेळी डॉक्टर कॉक्लियर इम्प्लांट सुचवतात. कानामागील यंत्र आवाज टिपून त्याचे संकेत त्वचेखाली बसवलेल्या भागाकडे धाडते. तेथून निघालेली, शंखात सरकवलेली बारीक तार श्रवणतंतूला चेतवते.

ही तार शंखात खोलवर न्यावी कशी, हे कोडे ऑस्ट्रेलियातील डॉक्टर ग्रॅम क्लार्क यांना पडले होते. त्यांचे वडील औषधांचे दुकान चालवीत. त्यांना कमी ऐकू येई. पित्याची ही अडचण क्लार्क यांनी बालपणापासून पाहिली होती. १९७७ साली समुद्रकिनारी त्यांनी एका शंखात गवताचे पाते सरकवून पाहिले. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचीक असे पाते आत सहज गेले. कोडे सुटले! १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्न येथे त्यांनी आपली अशी पहिली शस्त्रक्रिया केली.

तरीही मातापित्यांचा निर्णय सोपा नसतो. श्रवणतंतू शाबूत आहे काय? शस्त्रक्रियेने उरलीसुरली नैसर्गिक श्रवणशक्ती जाण्याचा संभव किती? लाखोंचा खर्च कसा भागवावा? पुढे यंत्र बिघडले तर? केंद्र शासनाची एडिप योजना लहान मुलांना साहाय्य करते. १९८३ साली स्थापन झालेली, मुंबईतील वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ते काम पाहते. काही मातापिते खुणांची भाषा निवडतात, काही दोन्ही मार्ग धरतात. खुणांची भाषाही स्वतःचे व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे. कोणताही मार्ग धरला, तरी विलंब हानिकारक असतो. कारण मेंदू पहिल्या काही वर्षांतच भाषा सर्वांत सहज आत्मसात करतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल लगेच बोलू लागत नाही. काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, तेव्हा अनोळखी आवाजाने ते कदाचित रडूही लागते. सांगलीजवळच्या मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. तंबोरा एकदा जुळवला म्हणजे कायमचा जुळला असे होत नाही. त्याचप्रमाणे हे यंत्रही पुनःपुन्हा जुळवावे लागते आणि तज्ज्ञांकडून वाणीचे शिक्षण घ्यावे लागते.

खरी शाळा मात्र घरातच भरते. पूर्वी "वाट पाहू" म्हणणारी आजी आता नातवाला चुलीजवळ बसवते. "ही बघ भाकरी. गरम आहे हं!" असे ती दिवसातून कितीदा तरी म्हणते. महिने लोटतात. एके दिवशी नातू बोट दाखवून "भाकी" म्हणतो. आजी पदराने डोळे टिपते आणि त्याला पुन्हा सांगते, "भाकरी."

यंत्र नाद देते. शब्द मात्र घरातील माणसांनीच द्यावे लागतात.