पृथ्वीचे चुंबकीय पुच्छ

परभणीतील शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेली चुंबकसूची उत्तर-दक्षिण दिशेत स्थिर होते. पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, हे विद्यार्थी त्यावरून शिकतात. परंतु हे चुंबकीय क्षेत्र अवकाशात कोठवर पसरले आहे, याचे ज्ञान मानवाला अवकाशयुगातच झाले.

सौरवाताचा परिणाम

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा प्रवाह अखंड वाहत असतो. यास सौरवात म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो. द्रव्याच्या या अवस्थेस प्लाझ्मा अथवा आयनद्रायू हे नाव आहे. सौरवाताच्या दाबामुळे पृथ्वीचे क्षेत्र सूर्याकडील बाजूस पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे दहापट अंतरावर रोखले जाते. रात्रीच्या बाजूस मात्र ते ताणले जाऊन चंद्राच्या कक्षेपलीकडे पसरते. हेच चुंबकीय पुच्छ होय. १९६३ साली सोडलेल्या एक्स्प्लोरर-१८ उपग्रहाच्या मोजमापांवरून नॉर्मन नेस यांनी १९६५ साली त्याचे स्वरूप स्पष्ट केले.

पुच्छाची रचना

पुच्छाच्या उत्तर भागात बलरेषा पृथ्वीकडे येतात, तर दक्षिण भागात पृथ्वीपासून दूर जातात. दोहोंच्या मध्ये तप्त आयनद्रायूचा थर असतो. पुच्छ फार ताणले गेले की हा थर पातळ होतो, परस्परविरुद्ध रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. आयनद्रायूचे लोट सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने पृथ्वीकडे, तसेच विरुद्ध दिशेसही धावतात. ध्रुवप्रदेशात ध्रुवीय प्रकाश उजळतो. २००७ साली पाठविलेल्या 'थेमिस' मोहिमेच्या पाच यानांनी या घटनाक्रमाचा अभ्यास केला.

महाराष्ट्राचे कार्य

अशा घडामोडींच्या खुणा भूपृष्ठावरही उमटतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात तेथे क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद आहे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू झाली. आज हे कार्य भारतीय भूचुंबकत्व संस्था चालविते.

ग्रामीण जीवनाशी संबंध

हवामानाची चित्रे पाठविणारे भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पुच्छातून येणारे कण तेथवर पोचून त्यांच्या यंत्रणेत बिघाड करू शकतात. मार्च १९८९ च्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्विबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पडला. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत उपग्रहांच्या आधारे चालणाऱ्या ट्रॅक्टरांचे मार्गदर्शन विस्कळीत झाले. मराठवाड्यातील शेतकऱ्यालाही पावसाचा अंदाज उपग्रहांच्याच साह्याने मिळतो. म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही.

शिक्षकांनी पट्टीचुंबक, लोहकीस व चुंबकसूची यांच्या साह्याने बलरेषा दाखवाव्यात आणि सौरवात त्यांना कसा ताणतो, हे फळ्यावरील आकृतीने समजावून द्यावे. १८५९ ची घट मूळ क्षेत्राच्या सुमारे चार टक्केच होती. एवढा सूक्ष्म बदल साध्या सूचीला दाखविता येत नाही. त्यासाठी वेधशाळेची वर्षानुवर्षांची अखंड नोंदच उपयोगी पडते.