वाऱ्याची उत्तर कोणती?

परिसर अभ्यासात आपण मुलांकडून कागदी वातकुक्कुट करून घेतो. अणुवीज केंद्रातही वाऱ्याची दिशा मोजणारं यंत्र उंच मनोऱ्यावर असतं. अपघातात किरणोत्सर्गी कण हवेत मिसळले, तर ते कुठल्या गावांकडे जाणार हे वाऱ्यावरच ठरतं ना! २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाला ते वायव्येकडे गेले आणि नामिए गावचे बरेच लोक त्याच दिशेला आसऱ्याला गेले होते. वाऱ्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

माहिती पोचायला हवी, पण आधी ती खरी हवी. म्हणून यंत्रं ठरावीक काळाने तपासतात. वेगमापकाचं बेअरिंग झिजलं की वाट्या जड फिरतात, वारा कमी दिसतो. दिशादर्शक भौगोलिक उत्तरेशी जुळवतात. होकायंत्राची उत्तर जरा वेगळी असते. (मला हे डीएडनंतर कळलं!) पर्जन्यमापकात मोजून पाणी ओततात, आकडा जुळतो का बघतात. एवढं तर वर्गातही जमेल.