घाई काट्यावर करा, रस्त्यावर नको : मासळीच्या गाडीचं डिझेल कसं वाचवायचं



भीमेत जाळं टाकायला आपल्याला डिझेल लागत नाही. डिझेल जातं ते मासळी सोलापूर किंवा कलबुर्गीच्या बाजारात न्यायला. हा खर्च वजा होऊनच सभासदाच्या हातात पैसे पडतात. म्हणून गाडी कशी चालते हा एकट्या ड्रायव्हरचा प्रश्न नाही. रोहू, कटला, चिलापी धरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आपल्याकडं नेहमी काय होतं बघा. काट्यावर वजन करायला उशीर होतो. तोवर गाडी नुसती सुरू. मग बर्फ वितळतोय म्हणून ड्रायव्हर गाडी पळवतो. चूक काट्यावर होते आणि दंड डिझेलच्या टाकीला बसतो.

समजा बाजार ६० किलोमीटरवर आहे. ताशी ६० नं एक तास लागेल, ८० नं पाऊण तास. वाचली फक्त १५ मिनिटं. तीही रस्ता मोकळा मिळाला तर. मधली गावं, गतिरोधक आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर असले की तेवढीही वाचत नाहीत. उलट ६० ऐवजी ८० नं गेलं की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पट होतो. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाची पीसीआरए ही संस्था सांगते की ताशी ४५ ते ५५ च्या वेगात ८० च्या मानानं ४० टक्क्यांपर्यंत जास्त अ‍ॅव्हरेज मिळू शकतं.

म्हणून या सवयी लावून घेऊ :

१. वजन आणि बर्फ भरणं आधी, गाडी सुरू नंतर. उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य असतं. एका मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा.

२. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ घाला, पेटीचं झाकण घट्ट लावा. मासळी बर्फानं टिकते, वेगानं नाही.

३. पुढं गतिरोधक दिसला की आधीच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. जोरात पळवून करकचून ब्रेक मारणं म्हणजे जाळलेलं डिझेल वाया घालवणं.

४. उतारावर न्यूट्रल करू नका. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिन डिझेल घेणं थांबवतं. न्यूट्रलमध्ये मात्र घेत राहतं. इंजिन बंद करून उतार उतरणं तर जिवावरचं काम आहे, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

५. क्लचवर पाय ठेवून चालवू नका.

६. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. भरलेल्या गाडीला किती हवा हवी ते कंपनीच्या पुस्तकात असतं.

७. परत येताना रिकामे क्रेट केबिनपेक्षा उंच रचू नका. वारा अडतो.

फरक पडला की नाही हे अंदाजानं ठरवू नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी परत फुल करा. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे झालं अ‍ॅव्हरेज. हिशोब लिटरमध्येच ठेवा. रुपयात ठेवला तर सीमेच्या अलीकडचा-पलीकडचा दर मध्ये येतो आणि घोळ होतो.

महिन्याला ३००० किलोमीटर पळणाऱ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १२ वरून १३ झालं, तर जवळजवळ १९ लिटर डिझेल वाचतं. त्यासाठी नवी गाडी लागत नाही.

सभासदांना विनंती : मासळी काट्यावर वेळेत आणा. तुम्ही अर्धा तास उशीर केला आणि वर ड्रायव्हरला "लवकर पोच" म्हणालात, तर वरची एकही सवय टिकणार नाही. ड्रायव्हर बंधूंनी एक वही गाडीत ठेवावी. महिन्याच्या बैठकीत आपण सगळे मिळून ती बघू.

– सचिव