शिष्यवृत्तीचे टेबल : प्रज्ञा, शील आणि करुणेची कसोटी

बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. एकाला मिळालेली ही संधी हजारोंना मिळावी म्हणून, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले व शिक्षणासाठी निधी मागितला. १९४४ मध्ये केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या सवलती नाकारण्यात आल्या. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० सालच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली.

इतक्या लढ्यातून आलेला हा पैसा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याचा अर्ज महाविद्यालयातील एका टेबलावरून जातो. त्या टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणाचा विचार आपण फारसा करीत नाही. तो येथे करावयाचा आहे.

कामाचे स्वरूप

विद्यार्थी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरतो. तो प्रथम महाविद्यालयातील लिपिक तपासतो, नंतर प्राचार्य मान्यता देतात आणि मग अर्ज समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांकडे जातो. पहिल्या पायरीवर अर्ज पडून राहिला, तर पुढचे कोणीही काही करू शकत नाही.

पैशाची वाटही समजून घेतली पाहिजे. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा असतो. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतो. त्यात निर्वाह भत्त्याबरोबर शुल्काची रक्कमही असते व ती महाविद्यालयात भरावयाची असते. हे प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगितले नाही, तर आलेले पैसे घरभाड्यात किंवा दवाखान्यात खर्च होतात आणि वर्षअखेरीस शुल्काची थकबाकी उभी राहते. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याचे शिक्षण येथेच तुटते.

प्रशिक्षण कसे असावे?

अमेरिकेत या कामाला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा आहे. १९६६ साली स्थापन झालेली तेथील विद्यार्थी अर्थसाहाय्य प्रशासकांची राष्ट्रीय संघटना विषयवार परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते. विद्यार्थ्याची पात्रता, अर्जाची पडताळणी, शिक्षणाचा एकूण खर्च, शिक्षण अर्धवट सुटल्यास रकमेची परतफेड असे ते विषय आहेत. आपल्याकडे लिपिक सहसा एखादी कार्यशाळा आणि परिपत्रकांचा गठ्ठा यांवरच काम शिकतो. पुण्याची यशदा व बार्टी, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांच्यासारख्या संस्थांनी असा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार करावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. त्याचे तीन भाग असावेत.

१) प्रज्ञा : नियमांचे ज्ञान. अडीच लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा शिष्यवृत्तीसाठी आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिप योजनेतून शिक्षण व परीक्षा शुल्क मिळू शकते. हा फरक माहीत नसलेला लिपिक पात्र विद्यार्थ्याला रिकाम्या हाती परत पाठवतो.

२) शील : विद्यार्थ्याची जात, आधार क्रमांक व घरचे उत्पन्न यांची गुप्तता राखणे. वर्गात जातीचा उल्लेख करून नावे न पुकारणे. आलेला अर्ज मुदतीत निकाली काढणे.

३) करुणा : अर्जातील सर्व त्रुटी एकाच वेळी व लेखी सांगणे. एका कागदासाठी चार खेपा घालणाऱ्या विद्यार्थ्याच्या आईबापाची मजुरी बुडते, याची जाणीव ठेवणे.

नवी मुंबईतील अडचणी

आपले शहर दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यात येतात. त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणाला ठाणे तहसील, तर कोणाला पनवेल तहसील गाठावे लागते. शिवाय आपली अनेक कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, कोकणातून आलेली आहेत. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते हे पाहिले जाते, म्हणून मूळ गावचा पुरावा शोधावा लागतो. बाहेरगावाहून येथे शिकायला आलेल्या, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून वर्षाला ६० हजार रुपये मिळू शकतात. हे सर्व जाणणारा एक माणूस प्रत्येक महाविद्यालयात असला पाहिजे.

आपले कर्तव्य

अभ्यासक्रम सुरू होईल तेव्हा होईल. तोवर आपण हातावर हात ठेवून बसू नये. प्रत्येक विहारातील दोन पदवीधर तरुण-तरुणींनी हे नियम अभ्यासावेत आणि प्रवेशाच्या दिवसांत दर रविवारी विहारात बसून अर्ज तपासून द्यावेत. विद्यार्थ्यांनीही आपल्या अर्जाची स्थिती स्वतः पाहावी, पोचपावती जपून ठेवावी, मुदत संपण्याची वाट पाहू नये. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क एका अपुऱ्या कागदापायी वाया जाऊ न देणे, हेही धम्मकार्यच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!