आधी कोपरा बघ

अरे, मधले तीन खांब वाकले म्हणून लगेच अँगल आणायला जालन्याला निघालास होय? थांब जरा. आधी कोपऱ्यावर जाऊन ये. चेनलिंकच्या कंपाउंडात मधला खांब जाळी नुसती उभी धरतो. ओढ सगळी कोपऱ्याच्या नि फाटकाच्या खांबांवर. कोपऱ्याचा टेका मातीत सरकला की आडव्या तारा ढिल्या पडतात, जाळीला झोळ येतो, मग शेळ्या तिच्यावर पाय देतात नि रानडुक्कर खालून नाक घालतं. तुझे तीन खांब त्यानंतर वाकलेत. आता नवे रोवशील, पुढच्या पोळ्याला तेही वाकतील.

टेका जाळीच्या ओळीतच लागतो, जिकडून ओढ येते त्या अंगाला. कोपऱ्याला दोन, कारण ओढ दोन्हीकडून. त्याचं खालचं टोक मातीत नाही खुपसायचं, तेही काँक्रीटमध्येच बसवायचं.

मग खांबाच्या मुळाशी वीतभर उकर. लोखंड सडतं ते तिथंच, ओल आणि हवा भेटतात त्या जागी. वर रंग चकचकीत आणि खाली पापुद्रे, असं पुष्कळदा असतं. पेचकस आरपार गेला तर डागडुजीचा नाद सोड.

जाळी मात्र कापू नको. मी पहिल्यांदा कटर चालवला होता, त्या गावठी शिवणीतून पुढं दोन वर्षं कुत्री ये-जा करत होती. जाळी म्हणजे एकीत एक गुंतवलेल्या नागमोडी तारांची वीण. एका तारेची वरची नि खालची आकडी पक्कडीनं उघड आणि स्क्रू काढतोस तशी ती फिरवत वर काढ. जाळी सरळ दोन भागांत सुटते. जोडताना तीच तार तशीच फिरवत घाल, सांधा सापडायचा नाही. मधल्या खांबासाठी तर एवढंही नको. ताण सैल कर, बांधलेल्या तारा सोड, जाळी बाजूला झुकव.

जुना खांब ट्रॅक्टरनं ओढू नको, तो जमिनीलगत तुटतो आणि बुंधा आत राहतो. आदल्या संध्याकाळी भोवती पाणी सोड. सकाळी पहारीनं मोकळा कर, बुंध्याला साखळी बांध, दगडावर पहार टेकवून उचल.

खड्ड्यात मात्र कंजूषपणा नको. पाच फुटी जाळीला सात फुटी अँगल, दोन फूट खाली. कोपऱ्याला आठ फुटी, तीन फूट खाली. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सरळ खड्ड्यातला खांब हळूहळू वर ढकलते. म्हणून खड्डा माठासारखा कर, तळाला रुंद, तोंडाला अरुंद. मुरूम लागला तर उत्तमच. अँगलच्या पायाला वीतभर सळईचा तुकडा आडवा वेल्ड करून घे, म्हणजे तो आत फिरत नाही. जस्ताचा अँगल असेल तर वेल्डिंगचा पांढरा धूर नाकात घेऊ नको, वारा पाठीवर घेऊन उभा राहा; जस्त जळालेल्या जागी नंतर झिंकचा रंग दे.

दोन शाबूत खांबांमध्ये वर एक नि खाली एक दोरी ताण, ओळंबा दोन बाजूंनी लाव. माल १:२:४, सिमेंट, वाळू, खडी. पाणी बेतानं. मागच्या वेळचा गडी आमटीसारखा पातळ माल ओतून गेला होता, वर दगड भरले नि त्याच संध्याकाळी जाळी ताणली! वरचं तोंड जमिनीपेक्षा दोन बोटं उंच आणि उतरतं ठेव, पाणी खांबापाशी थांबता कामा नये. गोणपाट गुंडाळून सात दिवस पाणी मार. तोवर जाळीला हात लावायचा नाही, शेळ्या दावणीलाच राहू दे.

आणि फाटकाच्या खांबाशी खणायच्या आधी मला हाक मार. ठिबकची मोठी नळी तिथनंच गेलीय, नेमकी कुठनं ते मलाच ठाऊक आहे.