पट्टेदार कानटोपी

थंडीच्या दिवसांत कानटोपी घालून शाळेस निघालेली मुले आपण नेहमीच पाहतो. परंतु ही टोपी डोक्यावर चढवताना मोठी कशी होते, आणि काढून ठेवताच पुन्हा मूळ आकारास कशी येते, याचा विचार फार थोडे जण करतात. सोलापुरी चादर कितीही ओढली तरी अशी ताणली जात नाही. मग कानटोपीत असा कोणता गुण आहे?

याचे उत्तर तिच्या विणीत आहे. चादर मागावर विणतात. तिच्यात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. हे धागे एकमेकांवरून व एकमेकांखालून जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यांना ताणण्यास जागाच उरत नाही. कानटोपीत ताणाही नाही आणि बाणाही नाही. तेथे एकच धागा वळणे घेत पुढे जातो. प्रत्येक वळणाचा एक सैल फास बनतो. विणणारे त्यालाच टाका म्हणतात. खालच्या ओळीतील प्रत्येक टाक्यातून वरच्या ओळीचा एक टाका ओढून काढलेला असतो. वीण ओढली की हे वाकलेले टाके पसरतात, आणि सोडली की पुन्हा आपल्या जागी येतात. म्हणूनच ती ताणली जाते.

घरोघरी हे काम दोन सुयांवर केले जाते. हाताने एकामागून एक टाका घालत विणणाऱ्यास अनेक संध्याकाळी खर्ची घालाव्या लागतात. तेच काम एक लहानसे वर्तुळाकार यंत्र थोड्या वेळात करते. त्यात एका कड्यावर सुया उभ्या बसवलेल्या असतात. आपल्या यंत्रात त्या ४८ आहेत असे समजू. प्रत्येक सुईच्या टोकाशी आकडा असतो. बाजूची मूठ फिरवली की सुयांचे कडे जात्यासारखे गरगर फिरू लागते. कड्याच्या आत चढ-उतार असलेली एक खाच आहे. तिच्यातून जाताना सुई प्रथम वर येते, मग खाली जाते. वर आलेल्या सुईच्या आकड्यात नवा धागा अडकतो. ती खाली जाताना जुना टाका आकड्यावरून निसटतो, आणि नवा धागा त्यातून ओढला जाऊन नवा टाका तयार होतो. हातांनी होणारी क्रियाच येथे सुईकडून करून घेतली जाते.

आता या यंत्रावर निळ्या व पांढऱ्या लोकरीची टोपी कशी विणतात ते पाहू.

आरंभी दुसऱ्याच एखाद्या रंगाची टाकाऊ लोकर घ्यावी. पहिल्या सुईवर खूण करावी. पहिल्या फेऱ्यात धागा एका सुईच्या आकड्यात अडकवावा, पुढच्या सुईच्या मागून न्यावा, आणि याच क्रमाने मूठ हळूहळू फिरवीत फेरा पूर्ण करावा. त्यानंतर मात्र धागा प्रत्येक आकड्यात जाऊ द्यावा. असे पाच-सहा फेरे झाले की निळी लोकर जोडावी. या निळ्या लोकरीचे ६० फेरे विणावेत. हे टोपीचे अस्तर होय. पुढे १० फेरे पांढरे, १० निळे, पुन्हा १० पांढरे, अशा क्रमाने सहा पट्टे घालावेत. रंग बदलताना जुना धागा वीतभर सोडून कापावा व नवा धागा खुणेच्या सुईपासूनच सुरू करावा.

शेवटी धागा हातभर लांब राखून कापावा आणि जाड सुईत ओवावा. ही सुई एकेका टाक्यातून घालीत सर्व टाके यंत्रावरून उतरवून घ्यावेत. हाती एक लांब नळी येते. ओवलेला धागा ओढला की तिचे तोंड थैलीच्या तोंडाप्रमाणे आवळले जाते. दुसऱ्या टोकाशीही निळ्या लोकरीच्या पहिल्या टाक्यांतून धागा ओवावा, टाकाऊ लोकर उसवून काढावी आणि तेही तोंड आवळावे. धाग्यांची टोके आत लपवावीत. मग निळे टोक पट्टेदार भागाच्या आत ढकलले की दुहेरी, उबदार टोपी तयार होते. काठ वर दुमडला म्हणजे अस्तराचा निळा रंग बाहेर दिसतो. हौस असल्यास वर गोंडा लावावा. एवढ्याशा टोपीत १२० फेरे, म्हणजे ५,७६० टाके असतात!

टोपी नीट निरखून पाहिली, तर एक मौज दिसेल. जेथे रंग बदलला, तेथे पट्ट्याची सुरुवात व शेवट बरोबर जुळत नाहीत. एक बारीकशी पायरी दिसते. ही विणणाऱ्याची चूक नव्हे. आपण 'फेरा' म्हणतो खरे, परंतु धागा पूर्ण वर्तुळ कधीच करीत नाही. गोल जिन्यावरून वर चढणारा माणूस एक वळसा घेतल्यावर मूळ पायरीवर न येता तिच्या वर येतो. धाग्याचेही तसेच आहे. एक फेरा संपतो तेव्हा तो एक ओळ वर गेलेला असतो. म्हणूनच रंग नेहमी एकाच सुईपाशी बदलावा. मग सर्व पायऱ्या एका रेषेत येतात, आणि ती रेषा डोक्याच्या मागच्या बाजूस ठेवता येते.

खरी काळजी घ्यावयाची ती सुटलेल्या टाक्याची. धागा फार ताणला गेला किंवा मूठ घाईने फिरवली, तर एखाद्या आकड्यात धागा अडकत नाही. तेथला टाका निराधार होऊन खालच्या टाक्यातून निसटतो, तो त्याच्या खालच्यातून, आणि विणीत शिडीसारखी उभी फट पडत जाते. वेळीच लक्ष गेले, तर क्रोशाच्या सुईने त्या शिडीची एकेक पायरी टाक्यातून ओढून घेत वर येता येते. ५,७६० टाक्यांपैकी एकाची हयगय झाली, तरी टोपी उसवू लागते.

विणकाम यंत्राने करावे ही कल्पना प्रथम कोणास सुचली? इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ कॅल्व्हर्टन नावाचे खेडे आहे. तेथील विल्यम ली या धर्मोपदेशकाने १५८९ साली मोजे विणण्याची चौकट तयार केली. तिच्यात प्रत्येक टाक्यास स्वतंत्र सुई होती. त्यामुळे संपूर्ण ओळ एकदम विणली जाई. तो या शोधाचे हक्क मागण्यास एलिझाबेथ राणीकडे गेला. परंतु हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गोरगरिबांच्या पोटावर पाय येईल, असे म्हणून राणीने ते नाकारले, असे सांगतात. निराश झालेला ली फ्रान्सला गेला. तेथील राजा चौथा हेन्री याने त्यास आश्रय दिला. पण १६१० साली राजाचा खून झाला आणि लीची आशा मावळली. तो परदेशातच मरण पावला. त्याच्या भावाने यंत्रे मायदेशी आणली, आणि नॉटिंगहॅमच्या आसपास मोज्यांचा धंदा भरभराटीस आला.

राणीची भीती अगदीच निराधार नव्हती. दोन शतकांनंतर त्याच भागातील कारागीर मजुरी घटल्याने हवालदिल झाले. काही मालक रुंद चौकटीवर सलग कापड विणून घेत, ते कात्रीने कापीत आणि शिवून मोजे म्हणून विकीत. कापलेल्या कडेचे टाके सुटत व मोजे लवकर उसवत. यात चांगल्या कारागिरांचे नाव बुडे आणि मजुरीही उतरे. १८११ साली संतप्त कारागिरांनी रात्री-अपरात्री अशा चौकटी फोडण्यास आरंभ केला. १८१२ साली सरकारने चौकट फोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा देणारा कायदा केला. कवी बायरन याने उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केले. परंतु कायदा झालाच. त्या कारागिरांचा राग केवळ यंत्रावर नव्हता. यंत्राआडून चाललेल्या खोट्या कामावर आणि अपुऱ्या मजुरीवरही होता.

पुढे १८१६ साली मार्क ब्रुनेल याने वर्तुळाकार विणयंत्राचे हक्क मिळवले. हाच पुढे थेम्स नदीखालून बोगदा काढणारा अभियंता. वर्तुळाकार यंत्रावर नळीच विणली जात असल्याने उभी शिवण लागत नाही. आज कारखान्यांतील मोठ्या यंत्रांवर शेकडो सुया असतात व अनेक धागे एकाच वेळी विणले जातात. तिरुपूरचे सुती बनियन अशाच विणीचे असतात.

यंत्र लहान असो वा मोठे, त्याचा वेग एकेका टाक्याच्या आधारावर उभा असतो. तो टाका नीट पडला की नाही, हे पाहणारा डोळा आणि सुटलेला टाका उचलणारा हात माणसाचाच लागतो. त्या हातास योग्य मोल मिळावे, हे पाहणे ही टोपी घालणाऱ्यांचीही जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१. चादर ताणली जात नाही, पण कानटोपी ताणली जाते. असे का?
२. पट्ट्याची सुरुवात व शेवट का जुळत नाहीत? गोल जिन्याचे उदाहरण देऊन लिहा.
३. राणीने विल्यम लीची विनंती का नाकारली, असे सांगतात? तुम्ही तिच्या जागी असता, तर काय केले असते?
४. 'पोटावर पाय येणे' व 'हवालदिल होणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. ४० सुयांच्या यंत्रावर १०० फेरे विणले, तर एकूण टाके किती होतील?